तोंडानं सांगायचं

सकाळपासून वहिनी उलटी चालत होती. कमरेला तागाचा वाख गुंडाळलेला, बोटांतून धागा सुटत चाललेला, आणि पाऊल मागे, पुन्हा पाऊल मागे. समोर झाडाखाली सासू पीळ द्यायचं चाक फिरवत बसली होती. दोरवाल्याच्या घरात सून म्हणून आलेल्या बाईला आधी दोन गोष्टी शिकाव्या लागत: मागे न बघता मागे चालणं आणि सासूचं न ऐकता ऐकणं. वहिनीला दोन्ही चांगलं जमत होतं.

आज मात्र हाताला धीर नव्हता. धागा कुठे जाड पडत होता, कुठे केसासारखा बारीक. सासूही चाक असं फिरवत होती, की जणू कुणी पाठीमागे लागलंय.

"आई, जरा दमानं. धागा तुटतोय."

"धागा तुझ्या हातात तुटतोय, माझ्या चाकात नाही," सासू म्हणाली आणि चाक आणखी जोरात फिरवलं.

आज धाकटा येणार होता. धाकटा म्हणजे वहिनीचा दीर. गावात लहानथोर सगळेच तिला वहिनी म्हणत, ते त्याच्यामुळे. दिवसभर वहिनी, वहिनी करून तो घर डोक्यावर घ्यायचा. गावाला तीच हाक तोंडात बसली. तो गेला आणि हाक तेवढी मागे राहिली.

तसा तो साधा पोरगा. विहिरीच्या कामावर वरून खाली आला आणि कंबर बसली. दवाखान्यातल्या गोळ्यांवर उठत-बसत होता. मग नशाबंदीचा नवा कायदा आला आणि दुकानदारांनी त्या गोळ्या ठेवणंच सोडून दिलं. कशाला नसती भानगड, म्हणाले. कंबर काही कायदा वाचून दुखायची थांबली नाही. धाकट्याला कुणीतरी पुडी दिली. पुडीनं कंबर थांबली, पण पुडी थांबेना. नाल्याकाठी बसलेला असताना नशाबंदीच्या पथकानं त्याला उचललं, खिशात अर्धी पुडी सापडली. पथकातले लोक घरी कपडे न्यायला आले तेव्हा सौम्य बोलले. तुरुंग नाही हो, सुधारछावणी आहे, उपचार होतील, माणूस होऊन परत येईल. सासूनं चांगला धुतलेला सदरा, कंगवा आणि चटणीची बरणी बांधून दिली. पोराला शाळेत घालतात तसं घातलं त्याला छावणीत.

त्या छावणीला न्यायालय नव्हतं, वकील नव्हता. मुदत संपत आली की छावणीचे साहेब सही करून ती वाढवत. वहिनी दोनदा भेटून आली होती. जाळीपलीकडून धाकटा एवढंच म्हणाला होता, की बरा आहे. आणि ज्याला हसल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नव्हतं, तो दोन्ही वेळा हसला नव्हता.

मग वरच्या न्यायालयानं सरकारचे कान धरले. हुकूम निघाला, की छावणीतल्या प्रत्येक माणसाला त्याच्या गावी न्यायचं आणि त्याला का ठेवलंय हे साहेबांनी गावासमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं. कागद वाचून दाखवायचा नाही. कारण न्यायाधीशाला पटलं नाही तर माणूस तिथल्या तिथे मोकळा. यात एकच मेख होती. दिवस मावळेपर्यंत साहेब आले नाहीत तर पुढची तारीख, आणि पुढची तारीख म्हणजे पुढचा हंगाम. साहेब दोनदा आले नव्हते. एकदा बैठक निघाली, एकदा ताप आला.

या खेपेला न्यायाधीशबाई सकाळच्याच गाडीनं येऊन शाळेच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. निवृत्त होत्या, केस पांढरे, आवाज खणखणीत. मास्तरांनी मऊ खुर्ची आणली तर म्हणाल्या, मऊ खुर्चीत झोप येते, ती साहेबांना ठेवा.

दुपार कलली तरी रस्त्यावर धूळ उठेना. वहिनीचा नवरा तीन पेड एकत्र वळत होता. होडीवाल्यांसाठी मनगटाएवढा जाड दोर करायचा होता. तो मुळात कमी बोलणारा, आज तर ओठच शिवलेले. एवढ्यात दूधवाला सायकल रेटत आला. रिकाम्या कॅनचा आवाज त्याच्या आधी पोचला.

छावणीची जीप नदीत रुतलीय, असं त्यानं सांगितलं. पाणी नव्हतं, कोरडं पात्र होतं, पण दगडी वाट सोडून गाडी रेतीत घातली होती. चाकं निम्मी आत गेली होती. साहेब म्हणत होते की आता मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जाऊ, तिथून दुसरी गाडी मागवून परत फिरू.

"आणि आमचा?" सासूनं विचारलं.

"आतच बसलाय. मला बघून मान हलवली त्यानं."

वहिनीनं कमरेचा वाख सोडून खाली टाकला. नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं नुकताच वळून झालेला दोर खुंटावरून उतरवला, वेटोळं खांद्यावर घेतलं आणि निघाला. वहिनी त्याच्या मागे, सासू वहिनीच्या मागे. गल्लीत कुणी विचारलं कुठे, तर सासू चालता चालता सांगत गेली, की सरकार रुतलंय, काढायला चाललोय. वेशीपर्यंत निम्मं गाव मागे लागलं होतं. त्यात गवंडीणही होती.

गवंड्याला धाकट्याच्या मागोमाग पकडून नेलं होतं. नंतर छावणीतून निरोप आला, की तो भिंत चढून पळाला, सापडला तर कळवा. गवंडिणीचं कुणी जीपमध्ये नव्हतं, तरी ती प्रत्येक तारखेला शाळेत येऊन कोपऱ्यात बसायची. आता तिनं पदर खोचला होता आणि ती सगळ्यांच्या पुढे धावत होती.

नदीवर साहेब हातात फोन धरून रेतीत फिरत होते. उंच, नीटस माणूस. बुटात रेती गेल्यानं एक पाय झटकत होते. माणसांचा लोंढा पाहून थोडे मागे सरकले.

"आज काही व्हायचं नाही," ते म्हणाले. "गाडी निघत नाही. तुम्हाला तारीख मिळेल, घरी जा."

नवऱ्यानं वेटोळं खाली टाकलं. "साहेब, तुम्ही आत बसा. आम्ही ओढतो."

"सरकारी गाडी आहे. काही नुकसान झालं तर जबाबदार कोण?"

"तेच विचारायचं होतं आज," वहिनी म्हणाली.

मागून कुणीतरी खुसकन हसलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे. बोलण्यात वेळ गेला तरी फायदा त्यांचाच होता, हे वहिनीला त्या पाहण्यात दिसलं. तिनं पुढे काही ऐकायची वाट पाहिली नाही. दोराचं टोक घेऊन ती जीपपुढे रेतीत गुडघ्यावर बसली. ड्रायव्हर खाली उतरला आणि कुठे बांधायचं ते त्यानं बोटानं दाखवलं. साहेबांनी त्याला हाक मारली, ती त्याला ऐकू गेली नसावी.

दोर धरला. गाव जीपकडे पाठ करून, दोर खांद्यावर घेऊन उभं राहिलं. दोरवाल्याचं घर तेवढं जीपकडे तोंड करून. आयुष्यभर मागे चालण्यात गेलेली माणसं ती, जोर लावायचा तर टाचेनंच लावणार. नवऱ्यानं हाळी दिली आणि सगळ्यांनी एकदम ओढलं.

जीप जागची हलली नाही. दोर मात्र लांबला. लांबतच गेला, आणि ओढणारे सगळे एकावर एक धाडकन रेतीत. मास्तर दूधवाल्यावर, दूधवाला गावच्या गाडीवानावर, आणि सासू मागच्या मागे पाय पसरून.

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. नवा दोर आधी ताण देऊन बसवावा लागतो, नाहीतर पहिल्या ओढीला तो नुसताच वाढतो. हे त्यानं गिऱ्हाइकांना हजारदा सांगितलं असेल.

"दोरवाल्यालाच दोर कळेना," गाडीवान तोंडातली रेती थुंकत म्हणाला.

हसू पसरत गेलं आणि त्यात एक हसू जीपच्या आतून आलं. वहिनीनं रेतीतून मान वर केली. काचेआड धाकटा होता. गालांची हाडं वर आलेली, हात प्लास्टिकच्या पट्टीनं पुढच्या दांड्याला जखडलेले, आणि तो खदखदून हसत होता. समोरचा एक दात नव्हता. सासूनं ते पाहिलं आणि उठून पुन्हा दोर धरला. आता ती हसत नव्हती.

दुसऱ्यांदा सगळे आधी हळूहळू मागे रेलले. दोराला ताण भरू दिला. दोर करकरला, पीळ आवळत बारीक झाला, मग दगडासारखा घट्ट लागला. ड्रायव्हरनं चाकांखाली झुडपं सारली आणि इंजिन चालू केलं. साहेबांना नाइलाजानं आत बसावं लागलं होतं. वहिनी ओढत होती आणि तिची नजर काचेवर होती. तिनं पाहिलं, की साहेब मागे वळून धाकट्याशी काही बोलले. चार शब्दच असतील. धाकट्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

चाकं हलली. रेतीनं एकदम सोडलं आणि जीप अंगावर आल्यासारखी पुढे आली. लोक ओरडत बाजूला झाले. गवंडिणीचे तळवे सोलवटले होते. ती ते पदराला पुसत राहिली.

जीप वेशीपर्यंत माणसांच्या चालीनं चालली, कारण माणसं तिच्या पुढून हटायला तयार नव्हती. वहिनी खिडकीशी होती.

"काय केलंय जेवायला?" धाकट्यानं विचारलं.

"तुला आवडतं तेच."

"मग ठीक." तो थोडा वाकला आणि आवाज खाली आणला. "साहेब म्हणालेत, गप्प राहिलास तर आज घरी. तोंड उघडलंस तर पुन्हा छावणी."

"मग राहा की गप्प. जन्मात एकदा."

त्यानं हं म्हटलं. त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गवंडिणीकडे गेली. "ती का आली ओढायला?"

"सगळेच आले. का रे?"

तो गवंडिणीच्या हातांकडे बघत होता.

शाळेच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सावल्या लांबल्या होत्या, पण ऊन होतं. न्यायाधीशबाईंनी साहेबांना मऊ खुर्ची दाखवली. ते उभेच राहिले.

"या माणसाला का ठेवलंय?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी कलम सांगितलं. कलम मला पाठ आहे, कारण सांगा, असं बाई म्हणाल्या. साहेब म्हणाले, उपचारांसाठी. कोणते उपचार, तर शिस्त, श्रम आणि सद्विचार. डॉक्टर कोण आहेत, तर पद रिकामं आहे. कंबर कुणी तपासली, तर त्याबद्दल माहिती घ्यावी लागेल. प्रत्येक प्रश्नाबरोबर अंगण जरा पुढे सरकत होतं. लोकांचे श्वास ऐकू येत होते. मुदत कशाच्या आधारे वाढवली, या प्रश्नावर साहेब थांबले.

"वरून आदेश होते."

"वर म्हणजे कुठे? नाव घ्या."

गाडीवानानं मान वर करून शाळेच्या पत्र्याकडे पाहिलं. दोनचार जणांनी त्याच्या मागोमाग पाहिलं. हशा उठला आणि बाईंनी तो उठू दिला. साहेबांनी नाव घेतलं नाही. त्यांचे कान मात्र लाल झाले.

वहिनीला वाटलं, सुटला पोरगा. काम झालं होतं. आता एखाद्या पोरानंही निकाल सांगितला असता. सासू पदर सावरून उठण्याच्या तयारीत होती. बाई धाकट्याकडे वळल्या. निकाल देण्याआधी त्याला काही सांगायचंय का, हे विचारणं त्यांना भाग होतं. त्यांनी विचारलं.

"नाही म्हण रे, आणि घरी चल," सासू म्हणाली.

धाकट्यानं तोंड उघडलं, मिटलं आणि वहिनीकडे पाहिलं. साहेबही वहिनीकडे पाहू लागले. वहिनीच्या शेजारी गवंडीण बसली होती. तळव्यात रुतलेलं तागाचं कुसळ ती नखानं काढत होती. हा पोरगा हिच्यासाठी थांबलाय, हे वहिनीला आता कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही तिला वाटलं. एका शब्दात तो घरी येत होता. घरात पान वाढून ठेवलं होतं.

"काय असेल ते सांग," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

सासूनं तिच्या दंडाला असा चिमटा घेतला, की डोळ्यांत पाणी आलं.

"गवंडी पळाला नाही," धाकटा म्हणाला. "माझ्या शेजारच्या चटईवर जीव गेला त्याचा."

धाकटा सांगत गेला, सरळ, न थांबता. नवा आलेला माणूस नशा तुटल्यावर तळमळतो, उलट्या होतात, अंगातलं पाणी जातं. गवंड्याचं तसंच झालं. तो ओरडायला लागला. ओरडणाऱ्याचं पाणी बंद, असा छावणीचा नियम होता. धाकट्यानं पहारेकऱ्याला हाका मारल्या तर त्याचंही पाणी बंद झालं, आणि दात तेव्हाच पडला. नंतर गवंडी शांत झाला. खड्डा कुंपणामागे काढला. "तो मीच खणला," धाकटा म्हणाला, "याच कमरेनं. मग आम्हाला सांगितलं, की तो पळालाय."

"हा नशेबाज माणूस," साहेब म्हणाले. "याच्या शब्दावर तुम्ही..."

"याला तुम्ही बरं करत होता ना?" बाईंनी विचारलं. "मग सांगा, बरा झालाय की नाही? झाला असेल तर त्याचा शब्द धरते. नसेल झाला, तर इतके दिवस काय केलंत ते सांगा."

साहेबांनी रुमाल काढला आणि तो हातातच राहिला. तेव्हा व्हरांड्याच्या खांबाशी उभा असलेला ड्रायव्हर खाकरला. तो म्हणाला, "जागा मलाही माहीत आहे, बाई. दाखवतो."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खाली बसले, त्या मऊ खुर्चीत.

"खरं आहे," ते म्हणाले.

बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, की या माणसाला पुन्हा त्या गाडीत बसवायचं नाही. दोरवाल्यानं कमरेची सुरी काढली. धाकट्याच्या मनगटावरची पट्टी त्यानं कापून टाकली. सासूनं पोराला दोन्ही हातांनी चाचपलं, आधी कंबर, मग गाल. लोक त्याच्या पाठीवर थापा मारायला धावले. पण वहिनी गवंडिणीचा खांदा धरून बसली होती.

गवंडीण रडली नाही. बाईंनी तिला जवळ बोलावलं. मृतदेह मिळेल, गुन्हा दाखल होईल, पहारेकऱ्यापासून वरपर्यंत प्रत्येकाला नावानिशी उभं करीन, असं सांगितलं. आणखी काय हवं, असं विचारलं.

"ते तुम्ही कराच," गवंडीण म्हणाली. "पण आधी साहेबांनी माझ्या घरी यावं. सासरे अंथरुणावर आहेत. पोरगा पळाला म्हणून त्यांनी त्याचं नाव टाकलंय. मी कितीदा म्हटलं, हे असे पळणारे नव्हते. म्हणतात, सरकार कशाला खोटं बोलेल? मग सरकारनंच येऊन सांगू दे."

हुकुमात असं काही नाही, असं साहेब म्हणाले.

"गावासमोर तोंडानं सांगायचं, असं आहे," बाई म्हणाल्या. "तिचे सासरे गावातच राहतात." आणि स्वतः उठून चालू लागल्या.

गवंड्याची गल्ली अरुंद होती. पुढे गवंडीण, मग बाई, मग साहेब, आणि मागे सगळं गाव. धाकटा वहिनीच्या खांद्यावर हात टेकून चालत होता. त्याचं एक पाऊल नीट पडत नव्हतं. सासू पलीकडून त्याला धरून होती आणि वहिनीकडे बघत नव्हती. अर्ध्या गल्लीत तिनं वहिनीच्या दंडावर, मघाच्याच जागी, अंगठा घासला. चोळत राहिली.

घराची निम्मी भिंत गिलावा केलेली, निम्मी तशीच विटांची. काम टाकून माणूस गेला होता. उंबऱ्याशी साहेब थांबले. गवंडिणीनं त्यांच्या बुटांकडे पाहिलं. त्यांनी ते काढले.

म्हातारा खाटेवर उशाला टेकून होता. एवढी माणसं दारात पाहून तो गोंधळला. खिडकीतून उतरतं ऊन त्याच्या गुडघ्यांवर पडलं होतं. गवंडीण खाटेजवळ गेली आणि तिनं हातानंच साहेबांना दाखवलं.

"तुमचा मुलगा पळाला नव्हता," साहेब म्हणाले.

म्हाताऱ्यानं कानामागे हात धरला.

"मोठ्यानं सांगा," गवंडीण म्हणाली. "त्यांना कमी ऐकू येतं."

"तुमचा मुलगा पळाला नव्हता. तो छावणीत वारला."

"आणखी मोठ्यानं."

साहेबांनी मागे पाहिलं. दार माणसांनी भरलं होतं, खिडकी भरली होती. त्यांनी श्वास घेतला, आणि गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेलं एवढ्या मोठ्यानं ते ओरडले, "तुमचा मुलगा पळाला नाही. तो मेला. पाणी मागत होता. आम्ही दिलं नाही."

म्हाताऱ्याचा कानामागचा हात खाली आला. ओठ हलले, पुन्हा हलले. त्यानं सुनेकडे पाहिलं, ती मान हलवत होती. मग तो साहेबांकडे वळला. रागानं नाही. समजून घ्यायचं होतं त्याला.

"का?" त्यानं विचारलं.

साहेब उभे होते. वहिनीनं धाकट्याला उंबऱ्यावर टेकवलं आणि ती त्याच्याजवळ बसली. मागच्यांनीही एकेक करून बसायला सुरुवात केली, गल्लीभर. म्हाताऱ्यानं पुन्हा कानामागे हात धरला होता.